रेड (डिस्कसंच)

रेड म्हणजे दोन किंवा अधिक डिस्क एकत्र जोडून ऑपरेटिंग सिस्टिमला त्या एकच डिस्क म्हणून दाखवण्याची पद्धत. बहुतेक प्रकारांत संचातली एखादी डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. सर्व्हरमध्ये सतत फिरून झिजणारे भाग मुख्यतः दोनच : पंखे आणि चुंबकीय डिस्क. पंखा गेला तर नवा बसतो आणि विषय संपतो. डिस्क गेली तर तिच्याबरोबर माहितीही जाते. म्हणून सर्व्हरच्या कामाला लागणाऱ्या तंत्रज्ञाला प्रोसेसर आणि मेमरीइतकेच लवकर रेड समजून घ्यावे लागते.

उगम

१९८०च्या दशकात मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकांच्या, डिस्क कपाटाएवढ्या आणि फार महाग असत. आयबीएमच्या ३३८० या प्रणालीची क्षमता ७.५ गीगाबाइट होती. त्याच काळात पर्सनल कॉम्प्युटरसाठी कॉनर पेरिफेरल्सने साडेतीन इंची, १०० मेगाबाइटची छोटी डिस्क आणली. अशा स्वस्त डिस्कचा ताफा एका महागड्या डिस्कची जागा घेऊ शकेल का, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८७च्या अहवालात घेतला. १९८८मध्ये तो शोधनिबंध म्हणून शिकागोच्या परिषदेत मांडला गेला.

त्यांचे गणित साधे आणि भीतिदायक होते. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर १०० डिस्कच्या ताफ्यातली पहिली डिस्क सरासरी ३०० तासांतच जाणार, म्हणजे दोन आठवडेही नाहीत. वेग आणि किंमत कितीही आकर्षक असली तरी जादा माहिती राखून ठेवल्याशिवाय हा ताफा निरुपयोगी होता. ती जादा माहिती कशी ठेवावी याचे पाच प्रकार त्यांनी १ ते ५ या क्रमांकांनी मांडले. मूळ कल्पना सर्वस्वी त्यांच्या नव्हत्या. टँडेम कंपनीची यंत्रे १९७०च्या दशकातच प्रत्येक डिस्कची जुळी प्रत ठेवत, आणि आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना हरवलेली माहिती पुन्हा उभी करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९७८मध्ये मिळाले होते. बर्कलीच्या तिघांनी या कल्पना एका चौकटीत बसवल्या आणि किंमत, वेग, टिकाऊपणा या कसोट्यांवर तुलना केली. क्रमांकांनी मात्र नवशिक्यांची कायमची पंचाईत करून ठेवली आहे : रेड ५ हा रेड १पेक्षा पाचपट चांगला नाही, किंवा वरच्या इयत्तेतलाही नाही. क्रमांक ही फक्त ओळख आहे.

रचना

सारे प्रकार तीन युक्त्यांतून तयार होतात. स्ट्रायपिंगमध्ये माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे करून ते ओळीने वेगवेगळ्या डिस्कवर लिहितात. एकाच वेळी अनेक डिस्क काम करत असल्याने वेग वाढतो. मिररिंगमध्ये तीच माहिती दोन डिस्कवर जशीच्या तशी लिहितात. तिसरी युक्ती पॅरिटीची. समजा, एका डिस्कवर १०११ आणि दुसरीवर ०११० हे बिट आहेत. एकेका स्थानावर दोन्ही बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १ असे मांडले की ११०१ मिळते. ते तिसऱ्या डिस्कवर ठेवायचे. दुसरी डिस्क गेली, तर १०११ आणि ११०१ यांवर तीच क्रिया करायची. उत्तर येते ०११०, म्हणजे हरवलेली माहिती. डिस्क तीन असोत की आठ, गणित हेच.

रेड ०मध्ये नुसते स्ट्रायपिंग असते. बर्कलीच्या मूळ पाच प्रकारांत तो नव्हता, आणि खरे पाहता त्याला रेड म्हणणेही धाडसाचे आहे, कारण एक डिस्क गेली की सगळा संच जातो. व्हिडिओ संपादनाच्या तात्पुरत्या जागेसाठी तो ठीक. हिशेबाच्या सर्व्हरवर तो कुणी लावला असेल तर पहिले काम तो काढण्याचे. रेड १ म्हणजे मिररिंग. दोन डिस्कच्या छोट्या सर्व्हरवर आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तोच योग्य. रेड २, ३ आणि ४ आता क्वचितच भेटतात. त्यांतला ४ नेटअॅपच्या स्टोरेज यंत्रांमुळे बराच काळ टिकला.

रेड ५मध्ये पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर फिरती ठेवतात. किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कएवढीच जागा खर्ची पडते, म्हणून वर्षानुवर्षे तो कार्यालयांचा लाडका राहिला. त्याची किंमत लिहिताना मोजावी लागते. छोटासा बदल करायचा तरी जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी माहिती लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामे होतात. रेड ६मध्ये पॅरिटीचे दोन स्वतंत्र हिशेब असतात, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचते, पण लिहिण्याची कामे सहा होतात. दुसरा हिशेब सहसा रीड आणि सोलोमन यांनी १९६०मध्ये मांडलेल्या संकेतप्रणालीवर आधारलेला असतो. रेड १० म्हणजे मिरर केलेल्या जोड्यांवर स्ट्रायपिंग. तिथे दोनच लेखने लागतात, म्हणून डेटाबेससाठी त्याला पसंती मिळते. ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या तर वापरायला रेड ५मध्ये १२ टेराबाइट मिळतात, रेड ६ आणि रेड १०मध्ये प्रत्येकी ८.

कंट्रोलर आणि कॅश

रेडचे काम कंट्रोलर नावाचे स्वतंत्र कार्ड करते किंवा ऑपरेटिंग सिस्टिम. डेलचे पर्क, एचपीचे स्मार्ट अॅरे ही कार्डांची परिचित नावे. लिनक्समध्ये एमडी ही सोय कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आहे आणि ती एमडीएडीएम या आज्ञेने हाताळतात. स्वस्त मदरबोर्डांवर तिसरा एक प्रकार असतो : बायोसमध्ये रेडचा पर्याय दिसतो, पण खरे काम ड्रायव्हर करतो. त्यात कार्डाचा वेगही नाही आणि लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचा मोकळेपणाही नाही. तो टाळलेला बरा.

कार्डाचा खरा फायदा त्यावरच्या कॅशमध्ये, म्हणजे वेगवान तात्पुरत्या मेमरीत, आहे. लिहायची माहिती आधी कॅशमध्ये घेऊन ‘झाले’ असे कळवायचे आणि डिस्कवर सवडीने लिहायचे, याला राइट-बॅक म्हणतात. मधल्या क्षणी वीज गेली तर कॅशमधले सगळे पुसले जाईल, म्हणून कार्डाला बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर जोडलेला असतो. बॅटरी म्हातारी झाली की बहुतेक कार्डे आपण होऊन राइट-थ्रू पद्धतीवर, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘झाले’ कळवण्यावर, जातात आणि सर्व्हर अचानक मंदावतो. ‘कालपर्यंत सॉफ्टवेअर नीट चालत होते’ अशी तक्रार आली की आधी कार्डाची बॅटरी पाहावी.

विजेशी संबंधित दुसरा धोका रेड ५ आणि ६चा. माहिती लिहून झाली, पॅरिटी लिहायची राहिली आणि तेवढ्यात वीज गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. हा विसंवाद डिस्क जाईपर्यंत कुणाला दिसत नाही. ती गेल्यावर चुकीची माहिती बरोबर म्हणून उभी राहते. याला राइट होल म्हणतात. जिथे लोडशेडिंग नेमाने होते तिथे सर्व्हरला चालू स्थितीतला यूपीएस असणे आणि वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप व्यवस्थित बंद होण्याची जोडणी असणे, या दोन्ही गोष्टी रेडचाच भाग समजाव्यात.

डिस्क गेल्यावर

एक डिस्क गेलेल्या संचाला डिग्रेडेड म्हणतात. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, फार तर यंत्र थोडे हळू चालते. यातच खरी गोम आहे. इशाऱ्याची ईमेल कुणाच्या खात्यात जाते हे ठरलेले नसेल, तर संच महिनोन्‌महिने तसाच चालतो आणि रेड ५मध्ये दुसरी डिस्क गेली की सगळे संपते. सर्व्हर उभा केल्याच्या दिवशीच इशारा येतो की नाही हे तपासून पाहणे ही कामाची सवय आहे.

डिस्क बदलताना घाई नडते. आधी बॅकअप ताजा आहे ना ते पाहावे. मग कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या डिस्कचा सिरियल क्रमांक बघावा आणि तिच्या खणातला दिवा लुकलुकवून खण पक्का करावा. खणांची मोजणी काही यंत्रांत शून्यापासून असते, काहींत एकापासून. एवढ्याशा फरकाने रेड ५मधली चांगली डिस्क बाहेर ओढली जाते आणि संच कोसळतो. नवी डिस्क जुनीपेक्षा किंचितही लहान चालत नाही. हॉट स्वॅपची सोय असलेल्या खणात ती यंत्र चालू असतानाच बसवता येते. संचात आधीच हॉट स्पेअर, म्हणजे राखीव डिस्क लावलेली असेल, तर माणूस पोहोचण्यापूर्वीच रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करण्याचे काम, सुरू झालेला असतो.

रीबिल्ड हा रेडच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने सलग लिहिली तरी २२ तास लागतात, आणि सर्व्हरचे रोजचे काम चालू असेल तर त्याहून बरेच जास्त. त्या काळात उरलेल्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० च्या १४व्या घाताइतक्या बिटांमागे फार तर एक न वाचता येणारी चूक असे लिहिलेले असते. म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे एक. ४ टेराबाइटच्या चार डिस्कच्या वरच्या उदाहरणातल्या रेड ५च्या रीबिल्डला नेमके १२ टेराबाइट वाचावे लागतात. यावरून ‘मोठ्या डिस्कवर रेड ५चा रीबिल्ड होतच नाही’ असे सरसकट म्हटले जाते. ते अतिशयोक्त आहे, कारण पत्रकातला आकडा कमाल मर्यादेचा असतो आणि डिस्क बहुधा त्याहून चांगल्या वागतात. तरीही मोठ्या चुंबकीय डिस्कसाठी आज रेड ६ किंवा १० सोडून रेड ५ निवडण्यास सबळ कारण सापडत नाही.

शिवाय डिस्क एकेकट्या जातात हे गृहीतकच कच्चे आहे. मूळ निबंधाचे सहलेखक गिब्सन यांनीच बियांका श्रोडर यांच्यासोबत २००७मध्ये प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचे प्रमाण पत्रकांवरून अपेक्षित असलेल्या १ टक्क्याच्या आतल्या आकड्याऐवजी अनेक ठिकाणी २ ते ४ टक्के निघाले, आणि एक डिस्क गेल्यावर लवकरच दुसरी जाण्याची शक्यता वाढलेली दिसली. एकाच दिवशी विकत घेतलेल्या डिस्क सारख्याच झिजतात, सारखीच उष्णता सोसतात. म्हणून संचातल्या डिस्क वेगवेगळ्या बॅचच्या घ्याव्यात, आणि संपूर्ण संच ठरावीक काळाने वाचून तपासावा. या तपासणीला स्क्रब किंवा पेट्रोल रीड म्हणतात. डेबियन लिनक्समध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी लागण्याची पद्धत आहे.

डिस्कची जातही महत्त्वाची. सर्व्हरसाठीच्या डिस्क न वाचता आलेल्या जागेवर सहसा सातेक सेकंदच झगडतात आणि चूक कळवून मोकळ्या होतात, म्हणजे कंट्रोलर पॅरिटीवरून माहिती मिळवतो. घरगुती संगणकाची डिस्क एकटीच असल्याचे समजून बराच वेळ प्रयत्न करते. तेवढ्यात कंट्रोलर तिला मृत ठरवून संचाबाहेर काढतो. धडधाकट डिस्क पुन्हापुन्हा ‘जाऊ’ लागल्या तर हे कारण असू शकते.

बॅकअपशी संबंध

रेड डिस्कच्या मृत्यूपासून वाचवतो, बाकी कशापासून नाही. कारकुनाने चुकून पुसलेली फाइल आरशाच्या दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअर रेड ६लाही तितक्याच सहज कुलूप लावते. आग, चोरी, पुराचे पाणी यांना संचातल्या साऱ्या डिस्क एकाच पेटीत सापडतात. ‘रेड आहे, मग बॅकअप कशाला?’ हा प्रश्न खरेदीच्या बैठकीत हमखास येतो, आणि त्याचे उत्तर तंत्रज्ञालाच द्यावे लागते.

पुढील वाटचाल

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएसने रेड आणि फाइल सिस्टिम एकत्र आणली. माहितीच्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ठेवल्यामुळे कोणती प्रत बिघडली हे तिला कळते. शिवाय तिच्या रचनेमुळे राइट होल टळते, आणि रीबिल्डमध्ये फक्त वापरातली जागाच पुन्हा लिहिली जाते. अर्ध्या भरलेल्या संचाला त्यामुळे बराच कमी वेळ लागतो. एसएसडीमुळे, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कमुळे, रीबिल्ड तासांवरून आणखी खाली आला, पण एक नवी अडचण आली. त्यांचे आयुष्य लेखनावर मोजले जाते, आणि मिररमधल्या दोन्ही एसएसडींवर लेखन तंतोतंत सारखे होते, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच वेळी संपण्याकडे जातात. त्यामुळे काही ठिकाणी जोडीतली एक एसएसडी शाबूत असतानाच मुद्दाम काढून तिच्या जागी नवी बसवतात.