संग्रहालयाच्या आवारातील सार्वजनिक कला

ऐतिहासिक संग्रहालयाच्या इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेसाठी, म्हणजे हिरवळ, अंगण, प्रवेशमार्ग किंवा दर्शनी भिंत यांसाठी, कलावंताकडून मुद्दाम घडवून घेतलेली आणि दालनात न शिरताही पाहता येणारी कलाकृती. जागा ठरवणे, कलावंताची निवड, करार, निधी, परवानग्या, उभारणी आणि त्यानंतरची देखभाल ही सर्व कामे या उपक्रमात मोडतात. दालनातील वस्तू बहुधा खरेदीने, देणगीने किंवा उत्खननातून येते. ती घडली तेव्हा संग्रहालय तिच्या निर्मात्याच्या मनात नसते. आवारातील कलाकृतीचे तसे नसते. तिच्या आकारापासून पायापर्यंत प्रत्येक गोष्टीत संग्रहालय सहभागी असते आणि म्हणून तिच्या बऱ्यावाईटाची जबाबदारीही संग्रहालयावर येते.

अशा आवारात काही नवे उभारणे हे चौकात पुतळा बसवण्याइतके सरळ काम नाही. शंभर-दीडशे वर्षांची इमारत हीच तेथील पहिली प्रदर्शनीय वस्तू असते. तिच्या कमानी, तिच्यासमोरची झाडे, फाटकातून आत येताना होणारे तिचे पहिले दर्शन यांना झाकणारी कलाकृती स्वतः कितीही उत्तम असली, तरी तेथे परकीच वाटते. उलट इमारतीपुढे संकोचून उभी राहिलेली कलाकृती कुंडीसारखी शोभेची वस्तू होऊन बसते. या दोहोंमधली जागा कलावंताला शोधावी लागते, आणि ती शोधण्यासाठी त्याला आवारात उन्हापावसात पुरेसा वेळ घालवू देणे हे संग्रहालयाचे पहिले कर्तव्य होय.

मुंबईत भायखळा येथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे आवार या विषयाच्या अभ्यासासाठी फार मोलाचे आहे. संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला १८६२ मध्ये बसवली गेली आणि २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने ते लोकांसाठी खुले झाले. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेला १९७५ मध्ये डॉ. लाड यांचे नाव देण्यात आले. शेजारी राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. मुंबई महानगरपालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यातील २००३ च्या करारानंतर इमारतीचे जतनकाम झाले, २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

या आवारातील मोठ्या शिल्पांपैकी बहुतेक शिल्पे या जागेसाठी घडलेलीच नाहीत. सर्वांत जुना आहे तो घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हाच. १८१४ मध्ये त्याचे शिर मानेसह गळून पडले. पुढे तो इंग्लंडला नेण्याची खटपट फसली आणि १८६४ मध्ये त्याचे तुकडे राणीच्या बागेत आणले गेले. ते जोडून हत्ती पुन्हा उभा राहिला तो १९१४ मध्ये, म्हणजे शिर पडल्यानंतर शंभर वर्षांनी. बाकीचे पुतळे ब्रिटिश काळात दक्षिण मुंबईच्या रस्त्यांसाठी आणि चौकांसाठी घडवून घेतलेले होते. मुंबईतील लोक ज्याला काळा घोडा म्हणत आले तो अश्वारूढ पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सच्या, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राच्या, १८७५-७६ मधील मुंबईभेटीची आठवण म्हणून व्यापारी अल्बर्ट ससून यांनी जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराकडून कांस्यात घडवून घेतला आणि १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल यांचा. त्याचा खर्च बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिला होता. १९६० च्या दशकात परकीय राजवटीची ही स्मारके रस्त्यांवरून हलवण्यात आली. काळा घोडा १९६५ मध्ये भायखळ्याला आला. लॉर्ड कॉर्नवॉलिस आणि मार्क्विस वेलस्ली या गव्हर्नर जनरलांचे पुतळेही येथेच पोहोचले.

देणगीदार, शिल्पकार आणि सत्ताधारी अशा तिघांच्या संमतीने उभी राहिलेली ही शिल्पे होती. ज्या लोकांच्या डोळ्यांसमोर ती उभी राहणार होती त्यांना कोणी विचारले नव्हते. लोकांनी आपले मत आपापल्या रीतीने नोंदवले. दामोदर चापेकर यांनी १८९६ मध्ये राणीच्या पुतळ्याला डांबर फासले. संगमरवरात मुरलेला तो काळा डाग काढणे सोपे नव्हते. अखेर रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी तो काढून दाखवला. एकाच दगडावर राजनिष्ठा, संताप आणि देशी रसायनविद्या यांचा असा इतिहास साचलेला असताना तो पुतळा फोडून टाकण्याऐवजी संग्रहालयाच्या आवारात ठेवला गेला, हा निर्णय योग्यच होता. चौथऱ्यावरून उतरलेल्या पुतळ्याचा मान संपतो, पण त्याचे पुराव्याचे मोल वाढते. मात्र त्यासाठी त्याच्याजवळ त्याची हकीकत मराठीत लिहिलेली असायला हवी, कारण तसे झाले नाही तर येणाऱ्या मुलाला तो केवळ एक जुना गोरा साहेब दिसतो.

काळा घोडा गेल्यावर त्याच्या मूळ परिसराला त्याचेच नाव चिकटून राहिले. २०१७ मध्ये तेथे शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा बसवण्यात आला. या घोड्यावर स्वार नाही. कलावंताला काय घडवायचे याबरोबरच काय वगळायचे हेही सांगितले जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मुंबईत दुसरे नाही.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड येथील राज्य कलासंग्रहालयाने, जुन्या सत्तेच्या पुतळ्यांचे आज काय करायचे या जवळजवळ अशाच प्रश्नाला, वेगळे उत्तर दिले. तेथील मॉन्युमेंट अव्हेन्यूवर अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानींचे पुतळे होते आणि त्यांत १९०७ मध्ये उभारलेला जे. ई. बी. स्टुअर्ट यांचा अश्वारूढ पुतळा होता. चित्रकार केहिंदे वायली यांनी त्याचीच ठेवण घेऊन घोड्यावर हुडी आणि फाटकी जीन्स घातलेला एक कृष्णवर्णीय तरुण बसवला. हे सुमारे २७ फूट उंचीचे शिल्प डिसेंबर २०१९ मध्ये संग्रहालयाच्या आवारात कायमचे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, स्टुअर्ट यांचा मूळ पुतळा उतरवण्यात आला, आणि त्यामुळे ज्याला उत्तर म्हणून शिल्प घडले तो प्रश्न आज तेथे दिसत नाही. नव्या शिल्पाची बाजू समजण्यासाठी जुन्याची आठवण राखणे हे आता संग्रहालयाचे काम झाले आहे.

कलाकृती घडवून घेण्याची सुरुवात लेखी मागणीपत्राने होते. त्यात जागेचा नकाशा, जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि केबल, झाडांची मुळे, इमारतीपासून राखायचे अंतर, खर्चाची मर्यादा, कलाकृती कायमची की मुदतीची हे सर्व स्पष्ट असावे लागते. विषय मात्र फार आवळून सांगू नये. त्यानंतर खुले आवाहन करून किंवा निवडक कलावंतांना निमंत्रण देऊन प्रस्ताव मागवले जातात. अंतिम फेरीतील प्रत्येक कलावंताला लघुप्रतिकृती आणि आराखड्याचे मानधन देणे ही चांगल्या संस्थांची रीत आहे, आणि ती सर्वत्र असावी. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याची सरकारी पद्धत रस्त्याच्या डांबरीकरणाला लागू पडेल, शिल्पाला ती घातक ठरते, कारण कमी केलेला प्रत्येक रुपया शेवटी ओतकामाच्या जाडीतून किंवा आतल्या सांगाड्यातून वजा होतो. निवड समितीत वास्तुजतनतज्ज्ञ आणि रचना-अभियंता असावेत, त्याचप्रमाणे आसपास राहणाऱ्यांपैकीही कोणी असावे.

भारतात केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामासाठी प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित मानले जाते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू असल्याने सूचीतील इमारतीच्या आवारात बदल करण्यापूर्वी वारसा समितीचे मत घ्यावे लागते. कलावंतांना हा विलंब जाचक वाटतो, परंतु पायासाठी खणलेल्या खड्ड्यात जुने बांधकाम लागले तर काय करायचे, याचा विचार या टप्प्यावर झाला नाही तर तो पुढे घाईत आणि वाईट रीतीने होतो. शक्य तेथे कलाकृती ऐतिहासिक भिंतीला खिळवू नये. तिचा भार स्वतंत्र पायावर किंवा चौकटीवर असावा आणि ती काढल्यावर मूळ दगडावर खूण राहू नये.

करारात वस्तूची मालकी, लेखाधिकार (कॉपीराइट) आणि कलावंताचा विशेष अधिकार या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. कलाकृती विकली गेली तरी तिची मोडतोड किंवा विकृती करून आपली प्रतिष्ठा कमी केली जात असेल, तर कलावंताला दाद मागता येते. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याचे कलम ५७ हा अधिकार देते. अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारनेच घडवून घेतले होते. १९७९ मध्ये ते कलावंताला न विचारता भिंतीवरून काढून कोठारात टाकले गेले आणि त्याची नासधूस झाली. सेहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. हलवण्याच्या, दुरुस्तीच्या आणि काढून टाकण्याच्या अटी करारात आधीच लिहिल्या गेल्या, तर अशी वेळ येत नाही.

देखभालीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतर कोणी पाहत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे कांस्यावर फिक्या हिरव्या भुकटीचा गंज चढतो आणि तो आतवर खात जातो. त्याला आळा घालण्यासाठी शिल्प धुऊन त्यावर मेणाचा थर ठराविक काळाने द्यावा लागतो. आतला लोखंडी सांगाडा गंजला की फुगतो आणि बाहेरचा दगड किंवा काँक्रीट तडकते. दोन भिन्न धातू ओल्या जागी एकमेकांना चिकटून राहिले तर त्यांतला एक झिजत जातो. पाणी साचणारी प्रत्येक खोबण आराखड्यातच काढून टाकायला हवी, शिल्पाच्या पोटात पाणी निघायला वाट हवी. पॅरिसमधील पॅले-रोयाल या जुन्या राजवाड्याच्या अंगणात दानिएल ब्यूरेन यांचे २६० पट्टेदार खांब १९८६ मध्ये उभे राहिले तेव्हा त्यांना मोठा विरोध झाला होता. पुढे त्यांच्या रचनेतला पाण्याचा भाग बंद पडून काम इतके खालावले, की खुद्द ब्यूरेन यांनीच ते काढून टाकण्याची भाषा केली. दुरुस्ती २०१० मध्ये पूर्ण झाली. बांधकामाच्या निधीबरोबरच देखभालीचा निधी वेगळा काढून ठेवल्याशिवाय कायमची कलाकृती मागवूच नये, असे या उदाहरणांवरून म्हणावेसे वाटते.

मुदतीची कलाकृती हा ऐतिहासिक आवारासाठी अनेकदा अधिक योग्य मार्ग ठरतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची पाचव्या ॲव्हेन्यूवरची दर्शनी बाजू १९०२ मध्ये पूर्ण झाली, पण तिच्या कोनाड्यांत शिल्पे बसवण्याचे राहून गेले. २०१९ मध्ये संग्रहालयाने केनियात जन्मलेल्या वांगेची मुटू यांच्याकडून चार कांस्य स्त्री-आकृती घडवून घेतल्या आणि ११७ वर्षे रिकामे असलेले कोनाडे प्रथमच भरले. त्या मुदतीसाठीच होत्या. त्यानंतर तीच जागा दुसऱ्या कलावंतांना देण्यात आली.

भायखळ्यालाही असा प्रयोग झाला आहे. २०१३ मध्ये इटलीतील एका सार्वजनिक कलाप्रकल्पाच्या सहकार्याने रीना सैनी कलाट यांनी संग्रहालयाच्या दर्शनी भागावर कोळ्याचे प्रचंड जाळे पसरवले. ते जाळे अवाढव्य आकाराच्या रबरी शिक्क्यांचे होते आणि प्रत्येक शिक्क्यावर मुंबईच्या एखाद्या रस्त्याचे, पुढे बदलले गेलेले, ब्रिटिशकालीन नाव कोरलेले होते. ज्या रस्त्यांवरून उतरवलेले पुतळे त्याच आवारात उभे आहेत, त्या रस्त्यांची नावे इमारतीवर जाळ्यासारखी लटकावीत, आणि नाव देण्याचे व पुसण्याचे सरकारी साधन असलेला शिक्काच त्यासाठी वापरला जावा, यात जागेची जाण दिसते. हे काम दुसऱ्या कुठल्या भिंतीवर इतके बोलले नसते. अशी कलाकृती उतरवल्यावर तिची रेखाचित्रे, छायाचित्रे, करार, साहित्याची यादी आणि जोडणीची कृती संग्रहालयाच्या नोंदवहीत दालनातील वस्तूइतक्याच काटेकोरपणे जमा करावी लागते, कारण त्यानंतर ती कलाकृती तेवढ्याच कागदांवर उरते.