विहीर चोरीला जाण्याआधी : भ्रष्टाचारावरच्या मराठी विनोदी चित्रपटाची पार्श्वभूमी

राजकीय भ्रष्टाचारावर हसवणारा मराठी चित्रपट म्हटला की पुष्कळांना आठवते ती २००७ सालच्या 'जाऊ तिथे खाऊ'मधली चोरीला गेलेली विहीर. योजनेतून मंजूर झालेली आणि कागदोपत्री पूर्ण झालेली विहीर शेतात नसते, तेव्हा ती चोरीस गेल्याची फिर्याद नोंदवण्याखेरीज शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. पुढे श्याम बेनेगल यांच्या 'वेल डन अब्बा' या हिंदी चित्रपटातही असाच प्रसंग आला. त्या चित्रपटाला जिलानी बानो यांच्या 'नरसय्या की बावडी' या कथेचा आधार होता.

या प्रसंगाचे बळ अतिशयोक्तीत नाही, कार्यपद्धतीच्या नेमक्या जाणिवेत आहे. सरकारी विहीर आधी फाइलमध्ये खोदली जाते. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी बिल, असा तिचा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर एक सही असते आणि प्रत्येक सहीचा भाव ठरलेला असेल, तर कुदळ न मारताही पन्नास फुटांची विहीर नोंदवहीत उतरते. कागद सगळे खरे आणि विहीर तेवढी खोटी, ही विसंगती ज्याने तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले आहेत त्याला समजावून सांगावी लागत नाही. पांढरी टोपी घातलेला, पोट सुटलेला पुढारी दाखवून जे चित्रपट थांबतात ते माझ्या मते याच कारणाने फिके पडतात. त्यांना पुढारी दिसतो, फाइल दिसत नाही.

हा चित्रप्रकार एकाएकी जन्मला नाही, आणि त्याची मुळे शोधताना कोल्हापूरला वळसा घालून पुढे जाता येत नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली इथेच 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणारा आणि मुंबईच्या गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यात होता. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. मात्र पैसा ज्याच्या हाती त्याच्याकडे कॅमेरा वळवायचा, ही सवय इथल्या चित्रपटाला तेव्हा लागली. विनोदाची जोड तिला 'हंस पिक्चर्स'ने दिली. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली कोल्हापुरात ही संस्था उभी केली, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून 'धर्मवीर' आला. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्या नाटकावर बेतलेल्या या चित्रपटात समाजाचा आधारस्तंभ म्हणून मिरवणाऱ्याचा ढोंगीपणा उघडा पाडला होता. त्याच चमूचा 'ब्रह्मचारी' आजही सांगितला जातो. 'धर्मवीर'ची आठवण मात्र फारशी निघत नाही, याचे वाईट वाटते. सार्वजनिक जीवनातल्या प्रतिष्ठिताला हसण्याचा विषय करणारा बोलपट इतक्या लवकर आणि तोही संस्थानी कोल्हापुरात निघाला, ही गोष्ट मोठी आहे.

दुसरा प्रवाह तमाशाचा. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात राजाला तोंडावर प्रश्न विचारण्याची मुभा सोंगाड्याला परंपरेनेच होती. अण्णा भाऊ साठे यांनी 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' अशा लोकनाट्यांतून ती मुभा निवडणुकीच्या राजकारणापर्यंत आणली. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये कोतवालाची रिकामी जागा प्रधानाच्या मेव्हण्याला मिळते आणि बढतीची आशा धरून बसलेला हवालदार सूड उगवायला निघतो. राजा, प्रधान, कोतवाल ही नावे जुनी असली तरी वशिल्याने भरलेली जागा कोणत्या काळातली आहे हे प्रेक्षकाला कळत होते.

मधल्या काळात सत्तेचे ठिकाणच बदलले. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली, आणि याच सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखाने व दूध संघ उभे राहिले. सहकाराने इथल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला हे कोल्हापूरकर कधीही नाकारणार नाही, आणि नाकारूही नये. पण त्याबरोबरच ऊसतोडीची पाळी, नोकरभरती आणि कर्जमंजुरी या गोष्टी संचालकाच्या शब्दावर अवलंबून राहू लागल्या. सावकाराची जागा चेअरमन आणि सरपंचाने घेतली. हा बदल ज्यांनी अगदी जवळून टिपला त्यांत पट्टणकोडोलीचे शंकर पाटील आघाडीवर होते. त्यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्यातून गाजलेले निळू फुले १९६८ साली त्यांच्याच कथेवरच्या 'एक गाव बारा भानगडी'तून, कोल्हापूरच्या अनंत माने यांच्या दिग्दर्शनाखाली, पडद्यावर आले. त्यांचा झेले अण्णा हा गावपातळीवरच्या बेरकी पुढाऱ्याचा नमुनाच ठरला. गोड बोलणारा, घाई न करणारा, कधीही आवाज न चढवणारा असा तो माणूस होता, आणि प्रेक्षक त्याला हसतही असत व वचकूनही असत. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात पोहोचला, तेव्हा त्यातल्या साखरसम्राटाला उभे करायला निळू फुलेच होते. 'सामना' विनोदी नाही, पण पुढच्या विनोदी चित्रपटांना त्याने खलनायक तयार करून दिला.

२००० नंतर नजर पुन्हा योजनांकडे वळली. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरचा 'निशाणी डावा अंगठा' प्रौढ साक्षरतेच्या कागदी मोहिमेवर होता. 'देऊळ'ने (२०११) भक्तीभोवती जमणारा पैसा आणि त्यामागे धावणारे गावपुढारी दाखवले, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९३ साली लागू झालेल्या घटनादुरुस्तीने पंचायतीत महिलांसाठी जागा राखीव झाल्या आणि त्यामागोमाग बायकोच्या सहीवर कारभार हाकणारा नवरा गावोगाव दिसू लागला. २०२० सालच्या 'धुरळा'त सरपंचपदाची जागा महिलेसाठी राखीव होते आणि एकाच घरातली माणसे एकमेकांविरुद्ध उभी ठाकतात. पूर्वी दारामागून ऐकणाऱ्या सुना त्या कथेत थेट उमेदवार होतात.