आयफेल ज्वालामुखी प्रदेशातील सायकल पर्यटन

आयफेल ज्वालामुखी प्रदेशातील सायकल पर्यटन : पश्चिम जर्मनीतील आयफेल या डोंगराळ प्रदेशातून, ज्वालामुखी कुंडांत साचलेली सरोवरे, राखेच्या टेकड्या आणि बीच व स्प्रूसची जंगले पाहत केला जाणारा सायकल प्रवास. आयफेलच्या पूर्वेस ऱ्हाईन व दक्षिणेस मोझेल या नद्या असून पश्चिमेकडे तो बेल्जियम व लक्सेंबर्गमधील आर्देन डोंगररांगांत मिसळतो. होहे आख्त (७४७ मी.) हे त्याचे सर्वोच्च शिखर. उंची बेताची असली, तरी क्युल, लीझर, आर या नद्यांनी पठार खोलवर कापले आहे. त्यामुळे नदीची साथ सोडून आडव्या दिशेने जाणाऱ्याला दिवसातून अनेकदा खोऱ्यात उतरून पुन्हा चढावे लागते.

प्रदेशातील तरुण ज्वालामुखींचे दोन पट्टे मानतात. पश्चिम आयफेलचा पट्टा ऑर्मोंटपासून बाट बेर्ट्रिखपर्यंत सु. ५० किमी. लांब आहे. पूर्व आयफेलचा पट्टा लाखर झे या मोठ्या सरोवराभोवती आहे. दोन्ही मिळून उद्रेकाची तीनशेवर ठिकाणे नोंदली गेली आहेत. पश्चिमेकडील फुल्कानआयफेल हा भाग युरोपीय भू-उद्यानांच्या (भूवैज्ञानिक वारसा जपणाऱ्या प्रदेशांच्या) जाळ्याच्या चार संस्थापक सदस्यांपैकी एक (२०००) असून २०१५ पासून त्याला युनेस्को जागतिक भू-उद्यानाचा दर्जा आहे.

मार्ग : सर्वाधिक वापरात असलेला मार्ग म्हणजे मार-मोझेल सायकल मार्ग (‘मार’ म्हणजे येथील ज्वालामुखी कुंड). तो डाउन या गावापासून शाल्केनमेहरेन, गिलेनफेल्ड व विटलिषवरून मोझेलकाठच्या बर्नकास्टल-कूसपर्यंत जातो. लांबी सु. ५८ किमी. त्याचा बराच भाग जुन्या लोहमार्गाच्या भरावावरून जातो. विटलिषच्या दक्षिणेकडील फाटा १८८३ चा, तर डाउन-विटलिष हा डोंगरातला टप्पा १९०९-१० च्या सुमाराचा. गाड्या १९८० च्या दशकात थांबल्या आणि २००० सालाच्या सुमारास रुळांच्या जागी डांबरी सायकलवाट झाली. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून मूळ अभियंत्यांनी दऱ्यांवर पूल बांधले आणि डोंगर पोखरले. त्यांच्या या कष्टांचे फळ आज सायकलस्वाराला मिळते. ग्रोसेस श्लिट्सओअर हा सु. ५६० मी. लांबीचा बोगदा त्यांतलाच. भर उन्हाळ्यातही त्यात शिरताना अंगावर काहीतरी चढवावेसे वाटते.

डाउनहून मोझेलकडे उतरत जाण्याची दिशाच बहुतेकांना सोयीची पडते. डाउन सु. ४०० मी. उंचीवर, तर मोझेलचे पात्र बर्नकास्टलपाशी सु. ११० मी.वर आहे. शाल्केनमेहरेनपर्यंतचा थोडा चढ सोडला, तर पुढे उतारच. उन्हाळी हंगामात सायकलींसाठी जोडगाडी लावलेली बस खालून वर धावते, त्यामुळे मोझेलकाठी मुक्काम ठेवून एका दिवसात हा मार्ग उतरणारेही पुष्कळ असतात.

क्युल नदीकाठचा मार्ग गेरोलस्टाइनवरून ट्रिअरजवळ मोझेलला मिळतो. उत्तरेकडे आखेनहून बेल्जियममार्गे लक्सेंबर्गमधील त्र्वाव्हिएर्जपर्यंत जाणारा फेनबान (सु. १२५ किमी.) हाही जुन्या लोहमार्गावरचाच आहे, मात्र तो ज्वालामुखी पट्ट्याच्या बाहेर राहतो. आयफेल राष्ट्रीय उद्यानातील (स्थापना २००४) जलाशय सुंदर असले, तरी ते धरणांचे आहेत. उर्फ्ट धरण १९०५ मध्ये पुरे झाले. ज्वालामुखी सरोवरांच्या यादीत ते कधीकधी घातले जातात, ते चुकीचे आहे.

मार-सरोवरे व त्यांच्या उत्पत्तीचा वाद : ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा डोंगर, या समजुतीने आलेला प्रवासी येथे गोंधळतो. आयफेलची खास ओळख असलेले ‘मार’ हे डोंगर नव्हेत; ते जमिनीत खाली गेलेले खड्डे आहेत. सभोवती राखेचा बुटका कडा असतो. कडा चढून जाईपर्यंत पाणी दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ते पायाखाली खोलवर असते. डाउनजवळची तीन सरोवरे एकमेकांना लागून असूनही गेम्युंडनर सरोवराची पातळी सु. ४०७ मी., शाल्केनमेहरेनची ४२० मी. आणि मधल्या वाइनफेल्डर सरोवराची ४८४ मी. आहे. वाइनफेल्डर व शाल्केनमेहरेन यांच्यामध्ये फक्त एक अरुंद धार असून तिच्यावरून रस्ता जातो. तिथे सायकल उभी करून मान वळवली, की एका बाजूला जवळ दिसणारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला साठ मीटर खाली गेलेले पाणी एकाच ठिकाणाहून दिसते. मार-कुंडे एकाच मोठ्या तळ्याचे तुकडे नसून प्रत्येकाचा उद्रेक स्वतंत्र होता, हे समजायला याहून चांगली जागा नाही.

‘मार’ हा शब्द लॅटिनमधील ‘मारे’ (समुद्र) यावरून स्थानिक बोलीत आला असे बहुतेक मानतात. झेबास्टियान म्युन्स्टर याच्या १५४४ च्या भूवर्णनात उल्मेनचे सरोवर व लाखर झे यांचा उल्लेख या शब्दाने आहे. शास्त्रीय संज्ञा म्हणून तो रूढ करण्याचे श्रेय ट्रिअर येथील शिक्षक योहानेस श्टाइनिंगर यांच्याकडे जाते (१८१९-२० च्या सुमारास). आज जगभरच्या अशा कुंडांना हेच नाव लावतात.

ही कुंडे कशी तयार झाली याबद्दल तीन मते आढळतात. पहिले, जमीन खचून. दुसरे, शिलारसातील वायूंच्या, विशेषतः कार्बन डाय-ऑक्साइडच्या, स्फोटाने. तिसरे, वर येणारा शिलारस भूजलाला भिडून झालेल्या वाफेच्या स्फोटांनी. वायूच्या मताला येथील वायुयुक्त झऱ्यांमुळे बळ मिळत आले. जर्मन भूवैज्ञानिक हान्स क्लोस यांनी १९४१ मध्ये अशा कुंडांखालच्या, राखेने भरलेल्या उभ्या नळांचा अभ्यास मांडला, त्यात नळातील दगडगोटे वायूच्या झोताने उकळत्या द्रवासारखे हलत असावेत असा विचार आहे. मात्र १९७३ मध्ये ज्वालामुखीतज्ज्ञ फोल्कर लोरेन्त्स यांनी पाण्याचे मत नेटाने मांडले आणि पुढे त्याचा विस्तार केला. त्यांच्या मते पहिले स्फोट उथळ होतात. भूजल संपत गेले की स्फोटाची जागा खाली सरकते. पोकळ झालेल्या नळाचे छत वरून कोसळते आणि कुंड रुंदावते. म्हणजे खचण्याचे जुने मतही अर्धे खरे ठरते. ग्रेग व्हॅलेंटाइन व जेम्स व्हाइट यांनी २०१२ मध्ये यात दुरुस्ती सुचवली : स्फोट निरनिराळ्या खोलींवर एकाच काळात होऊ शकतात, पण बाहेर माल फेकतात ते प्रामुख्याने उथळ स्फोट.

पाण्याच्या मताचा पुरावा सायकलस्वाराच्या वाटेवरच आहे. राखेचे कोरडे शंकू बहुधा उंचवट्यांवर, तर मार-कुंडे बहुधा दऱ्यांमध्ये व भेगांच्या रेषांवर, जिथे पाणी सहज मिळते तिथे आढळतात. पुल्वरमार या सरोवराजवळच्या राखेच्या खाणीत कडा उभा कापलेला दिसतो. बोटाएवढ्या जाडीचे करडे-काळे थर एकावर एक रचलेले असतात. त्यांत नव्या लाव्ह्यापेक्षा पाटीच्या दगडाचे धारदार तुकडे जास्त भरतात. हे तुकडे कुंडाखालच्या, डेव्होनियन या सु. ४० कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील मूळ खडकाचे. कुठे मोठा दगड वरून पडून खालचे थर वाकलेले स्पष्ट दिसतात. मूळ खडक एवढा चुरडला जाणे वाफेच्या वारंवार स्फोटांशीच अधिक जुळते. सर्वच मार-कुंडांना एक नियम लावता येत नसला, तरी येथील बहुसंख्य कुंडांच्या बाबतीत लोरेन्त्स यांचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

मराठी वाचकाला येथे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आठवणे स्वाभाविक आहे. त्याचा व्यास (सु. १.८ किमी.) आयफेलमधील मेरफेल्डर मारच्या कुंडाशी तुलना करण्याजोगा आहे. शिवाय ते बेसाल्टात असल्याने १८२३ मधील पहिल्या इंग्रजी नोंदीनंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीजन्यच मानले जाई. अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील कुंडाशी त्याचे साम्य दाखवले, पण त्या कुंडालाही ते वाफेच्या स्फोटाचे फळ समजत होते. अशनीच्या आघाताने तयार होणारी काच लोणारमध्ये सापडल्यावर (१९७३) हा प्रश्न निकालात निघाला. लोणारच्या काठावरचे खडक उचलले व उलथले गेले आहेत; आयफेलच्या काठावर राख थरांनी बसली आहे. दोन्ही काठ चाललेल्या माणसाला हा फरक चटकन कळतो.

वय : आयफेलमधील अलीकडचे उद्रेक सु. ७ लाख वर्षांपूर्वी सुरू झाले असावेत. डाउनची तीन सरोवरे २० ते ३० हजार वर्षांपूर्वीची मानतात. सर्वांत तरुण उल्मेनर मार सु. ११,००० वर्षांपूर्वीचे. लाखर झेच्या महास्फोटाचा काळ मेरफेल्डर मारच्या गाळातील वार्षिक थर मोजून सु. १२,९०० वर्षे असा धरला जाई. गाडल्या गेलेल्या झाडांच्या वलयांवरून २०२१ मध्ये तो सु. १३,००० वर्षे असा मागे नेण्यात आला. झाडांचा पुरावा थेट स्फोटात सापडलेल्या लाकडाचा असल्याने तो अधिक वजनदार आहे. ज्वालामुखी पूर्ण विझलेले आहेत असे कोणी ठामपणे म्हणत नाही. लाखर झेखाली खोलवर मंद कंप नोंदले गेले आहेत.

गिलेनफेल्डजवळच्या श्ट्रोन गावात रस्त्याच्या कडेला सु. ५ मी. व्यासाचा व सु. १२० टनांचा लाव्ह्याचा गोळा ठेवलेला आहे. त्याला ‘बॉम्ब’ म्हणत असले, तरी तो हवेतून फेकला गेलेला नसावा. कुंडाच्या उतारावरून पुन्हा पुन्हा खाली घरंगळून, प्रत्येक वेळी ताजा लाव्हा अंगाला चिकटून तो वाढला, हे मत अधिक पटते.

जंगल : आजची दाट झाडी पुरातन नाही. लोखंड वितळवण्यासाठी लागणारा कोळसा आणि चराई यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयफेलचा मोठा भाग उजाड माळ झाला होता. १८१५ नंतर प्रशियाच्या राजवटीने झपाट्याने वाढणारे स्प्रूस लावले. लोक त्याला ‘प्रशियाचे झाड’ म्हणत. २०१८ पासूनच्या दुष्काळात सालीखालील भुंग्यांनी स्प्रूसची मोठी हानी केली. त्यामुळे काही उतारांवर करड्या खोडांची रांग व त्याखाली नव्याने उगवणारी रोपे असे दृश्य दिसते. मूळची बीचची झाडी उरली आहे तिथे सावली वेगळीच, हिरवट व शांत असते.

पूर्व आयफेल : लाखर झे (सु. ३.३ चौ. किमी.) हे मार नसून जमीन खचून झालेले महाकुंड आहे. त्याच्या पूर्व काठालगत पाण्यातून कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे येताना दिसतात. काठावरचा मारिया लाख मठ १०९३ चा. जवळच्या माइएन व नीडरमेंडिख येथील सच्छिद्र लाव्ह्याची जाती रोमन काळात दूरदूर जात. जाते टाकवण्याचा त्रास या दगडात कमी, कारण झिजताना नवी छिद्रे उघडी पडून धार कायम राहते.

झरे : गेरोलस्टाइनचे वायुयुक्त पाणी बाटल्यांतून सर्वत्र जाते. वालेनबोर्न येथील थंड फवारा सु. अर्ध्या तासाने दोन-चार मीटर उसळतो.

प्रवास : एप्रिल ते ऑक्टोबर हा सोयीचा काळ, उंचावर पाऊस वर्षभर पडतो. कोलोन-ट्रिअर लोहमार्गाने सायकलसह पोहोचता येते, मात्र १४ जुलै २०२१ च्या महापुराने हा मार्ग व आर खोऱ्यातील सायकलवाट यांची फार मोठी हानी केली. गेम्युंडनर, शाल्केनमेहरेन व पुल्वरमार येथे ठरावीक जागी पोहता येते. पुल्वरमारची खोली ७० मी.हून अधिक आहे. काठ सोडताच तळ एकदम खाली जातो. वाइनफेल्डर सरोवरात पोहण्यास मनाई आहे. त्याच्या काठावर पांढरी चॅपेल आणि दफनभूमी एवढेच उरले आहे. वाइनफेल्ड हे गाव सोळाव्या शतकात, परंपरेनुसार प्लेगमुळे, ओस पडले. शाल्केनमेहरेनचे लोक आपली माणसे आजही तिथेच पुरतात.