तार्तीन

पावाच्या कापावर लोणी किंवा अन्य काही पसरून, वर दुसरा काप न ठेवता खाल्ल्या जाणाऱ्या फ्रेंच पदार्थास तार्तीन म्हणतात. हा शब्द ‘तार्त’ (वरून उघडे ठेवून भाजलेले, सारण भरलेले पक्वान्न) या शब्दापासून झाला असून, पावावर माखणे या अर्थाचे ‘तार्तिने’ हे क्रियापद तार्तीनवरून आले आहे. लांबण लावलेल्या कंटाळवाण्या मजकुरालाही बोलीत तार्तीनच म्हणतात.

घरोघरची तार्तीन न्याहारीची असते. सुमारे 250 ग्रॅम वजनाच्या ‘बागेत’ (बगेट) नावाच्या लांब पावाचा हातभर तुकडा घेऊन तो उभा चिरतात आणि त्याच्या मऊ अंगावर लोणी, बहुधा त्यावर जॅमही लावतात. ती दूधकॉफीच्या बिनकानाच्या मोठ्या वाडग्यात बुडवून खाण्याची जुनी रीत आहे. कॉफीवर लोण्याचा पिवळसर तवंग येतो, चुरा तळाशी बसतो, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. आदल्या दिवशीचा पाव भाजून घेतला म्हणजे पुन्हा कामी येतो. शाळेतून परतलेल्या मुलांना दुपारी चारच्या सुमारास लोणी-पावावर चॉकलेट किसून देतात.

तार्तीनची चव लोण्यावर ठरते. फ्रान्समध्ये बिनमिठाच्या लोण्यात किमान 82 टक्के स्निग्धांश असावा लागतो, आणि चांगले लोणी विरजलेल्या सायीचे असल्याने त्याला किंचित आंबूस वास येतो. ब्रिटनी प्रांतात मात्र खारे लोणीच चालते. राजेशाहीच्या काळात मिठावर ‘गाबेल’ नावाचा जाचक कर होता; त्यातून ब्रिटनीला सूट असल्यामुळे तेथे लोण्यात सढळ हाताने मीठ घालणे परवडत राहिले. कर 1790 मध्ये रद्द झाला, सवय टिकली.

जेवणाच्या तार्तीनसाठी आंबवणाच्या मोठ्या गोल पावाचे रुंद काप वापरतात. पॅरिसमध्ये 1932 साली सुरू झालेल्या प्वालान बेकरीचा, लाकडाच्या भट्टीत भाजलेला सुमारे 1.9 किलोचा पाव यासाठी प्रसिद्ध आहे. त्यावर शेळीच्या दुधाचे चीज, हॅम किंवा चरबीत मंद शिजवून पिंजलेले डुकराचे मांस घालतात. कॅफेत अशी तार्तीन काटा-सुरीने खातात. ‘कानापे’ या पावाच्या छोट्या तुकड्यावर मांडलेल्या, एका घासात संपणाऱ्या पदार्थाहून ती आकाराने वेगळी ठरते, तर ‘क्रोक-मस्य’ हे दोन कापांचे बंद सँडविच असल्याने तार्तीन नव्हे.

मध्ययुगात ताटाऐवजी शिळ्या पावाचे जाड काप मांडत, त्यांना तार्तीनचे पूर्वज मानण्याकडे काहींचा कल असतो. हा संबंध ओढूनताणून जोडलेला वाटतो; तो पाव रस्सा शोषून घेणारे भांडे होता आणि जेवण झाल्यावर पुष्कळदा गरिबांना किंवा कुत्र्यांना दिला जाई.