बोटाला सुई कोणी टोचायची? समलिंगी पुरुषांच्या एचआयव्ही तपासणीची पार्श्वभूमी

समलिंगी पुरुषांची एचआयव्ही तपासणी आज स्वयंसेवी संस्थेच्या ड्रॉप-इन सेंटरवर, म्हणजे समाजातल्या लोकांनी येऊन बसायच्या जागी, होते, बागेच्या कोपऱ्यात होते, कुणाच्या तरी खोलीवरही होते. करणारा त्यांच्यातलाच एक असतो. रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह आला, म्हणजे संसर्गाची शक्यता दिसली, तर तोच दुसऱ्या दिवशी त्या माणसाला सोबत घेऊन आयसीटीसी, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्र, गाठतो. सरकारी कार्यक्रमात हे आता रुळलं आहे; पण ते मान्य होईपर्यंत बरंच वाजलं होतं.

१९८६ मध्ये चेन्नईत देशातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले, तेव्हा यंत्रणेच्या डोळ्यांपुढे वेश्यावस्ती होती, पुढे ट्रकचालक आले. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आपल्याकडे नाहीतच, असंच धरून चाललं होतं. त्या काळात तपासणीचा अर्थ काय होता, हे गोव्यात १९८९ मध्ये दिसलं. रक्तात एचआयव्ही आढळलेल्या एका रक्तदात्याला पोलिसांनी उचललं आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग आरोग्यधामात दोन महिन्यांहून अधिक काळ एकट्याला ठेवलं. आईने हायकोर्टात दाद मागितली, तर कोर्टाने असं विलगीकरण कायदेशीर ठरवलं. हे ऐकून आपणहून रक्त द्यायला कोण जाणार होतं?

मुंबईत नव्वदच्या दशकात सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या महापालिकेच्या जुन्या इमारतीत, समलिंगी पुरुषांच्या एका संस्थेला जागा मिळाली. शुक्रवारी तिथे बैठका व्हायच्या. कंडोम वाटण्याबद्दल दुमत नव्हतं. तपासणीचा आग्रह धरायचा की नाही यावर होतं. औषध परवडत नसताना निदान सांगून करायचं काय, हा प्रश्न खोटा नव्हता. २००१ मध्ये मुंबईच्याच एका औषध कंपनीने एचआयव्हीची तिहेरी औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केली, त्याची जगभर चर्चा झाली. पण इथल्या पेशंटला तेवढेही महिन्याच्या महिन्याला झेपत नव्हते. १ एप्रिल २००४ ला निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू झाली आणि वादाचा तो भाग संपला. तरी सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, साधारण २०० च्या खाली उतरल्याशिवाय गोळ्या मिळत नसत, म्हणजे माणूस बराच खंगल्यावर.

मग माणसं रुग्णालयात का जात नव्हती? अंतर, वेळ, बुडालेली रोजी ही कारणं अहवालात येतात, आणि ती खरीही आहेत. माझ्या मते खरी गोम केसपेपरच्या पुढच्या रकान्यात होती: संसर्ग कशामुळे झाला असावा. टेबलापलीकडे अनोळखी समुपदेशक, मागे रांग, घरी बायको. माणूस ‘बाईकडून’ म्हणून मोकळा व्हायचा. आयसीटीसीच्या राष्ट्रीय आकडेवारीत समलिंगी संबंधांतून झालेला संसर्ग वर्षानुवर्षं दीड-दोन टक्क्यांच्या आसपास दिसायचा. त्याच सरकारच्या एड्स नियंत्रण यंत्रणेने २००६ मध्ये दिल्ली हायकोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात अशा पुरुषांची संख्या सुमारे २५ लाख आणि त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण ८ टक्के सांगितलं होतं. खोट्या उत्तराची किंमत पुढे मोजावी लागे. गुदद्वाराजवळच्या जखमांची विचारणाच होत नसे. जोडीदाराला बोलवा म्हटलं की पुरुष जोडीदाराचा प्रश्नच येत नसे.

हे प्रतिज्ञापत्र समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या विरोधात होतं आणि केंद्राचं गृहखातं त्याच कोर्टात कलमाच्या बाजूने उभं होतं. आरोग्यखात्याला ही भूमिका घ्यावी लागली, त्यामागे लखनौ होतं. २००१ मध्ये तिथे एचआयव्हीचं काम करणाऱ्या चौघांना याच कलमाखाली अटक झाली, दीड महिन्याहून अधिक काळ ते आत राहिले. कंडोमची खोकी म्हणजे पुरावा!

त्यानंतर पैसा आला. २००३ पासून एका परदेशी प्रतिष्ठानाने महाराष्ट्रासह सहा राज्यांत काम उभारलं, पुढे ते सरकारने टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतलं. पीअर म्हणजे समाजातलाच कार्यकर्ता, त्याच्यावर देखरेख करणारा ओआरडब्ल्यू, हॉटस्पॉटचा म्हणजे भेटीच्या जागांचा नकाशा, वर्षातून दोन तपासण्या अशी घडी बसली. तरी पीअरचं काम माणसाला आयसीटीसीच्या दारापर्यंत नेण्याचं, आणि दारातूनच परत फिरणारे कमी नव्हते.

म्हणून मागणी आली की सुई पीअरच्याच हातात द्या. विरोध दोन्हीकडून झाला. तंत्रज्ञ म्हणाले, किट कुठल्या तापमानात ठेवणार, वापरलेल्या लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायच्या सुया, कुठे टाकणार, धूसर रेघ आली तर वाचणार कोण? हे आक्षेप रास्त होते आणि प्रशिक्षणाने सुटण्यासारखेही. दुसरा आक्षेप समाजातूनच आला आणि तो जास्त अवघड होता. रुग्णालयातला बाबू मला ओळखत नाही. हा पीअर रोज स्टेशनवर भेटतो, माझा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपला कळेल. भीती निराधार नव्हती. काही ठिकाणी म्हणूनच दुसऱ्या भागातला पीअर बोलावण्याची पद्धत पडली.

२०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मधला मार्ग काढला. बोटाच्या थेंबावरची चाचणी प्रशिक्षित कार्यकर्त्याने करायची, तिला निदान म्हणायचं नाही. रिअ‍ॅक्टिव्ह आल्यास आयसीटीसीत वेगवेगळ्या किटवर खात्री करायची. तडजोडच, पण त्या पंधरा-वीस मिनिटांत, पट्टीवर रेघ उमटेपर्यंत, ओळखीच्या माणसाशी जे बोलणं होतं ते रकान्यात कधी आलं नव्हतं. २०१७ पासून सीडी-४ ची अटही गेली, पॉझिटिव्ह आला की गोळ्या सुरू. सोबत जाणाऱ्या पीअरचं महत्त्व त्यामुळे उलट वाढलं, कारण पहिल्याच महिन्यात गोळ्या सोडणाऱ्याला शोधायला जातो तोच.

सप्टेंबर २०१८ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी झाल्या: ६ तारखेला सुप्रीम कोर्टाने प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले, १० तारखेला एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करणं किंवा रिपोर्ट फोडणं आता कायद्यात बसत नाही.

टार्गेटची कटकट मात्र तशीच आहे. सहामाही आकडा भरायचा म्हणून तीच ओळखीची पोरं पुन्हा पुन्हा तपासली जातात. अ‍ॅपवर भेटणारा, लग्न झालेला, कुठल्याच हॉटस्पॉटवर न दिसणारा माणूस यादीबाहेर राहतो. संस्था आता अ‍ॅपवरून चॅट करून वेळ ठरवून देतात. २०२२ मध्ये प्रेपच्या, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीच्या, मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. ही गोळी सुरू करण्याआधीही रक्त तपासावं लागतं.