चिखल एक, हिशेब दोन

ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला सुटणाऱ्या बोटीची वेळ रोज बदलते. शनिवारी सकाळी आठची असेल, तर रविवारी पावणेनऊच्या आसपास. आरक्षण करताना अनेकांना हा गलथानपणा वाटतो. प्रत्यक्षात ठाणे खाडीत याहून काटेकोर वेळापत्रक दुसरं नाही, कारण ते चंद्र ठरवतो.

कोळीवाड्यात यासाठी तोंडी गणित आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्रीही. आता हे तपासून पाहू. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत तीस तिथी, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाची पूर्ण २४ तासांची फेरी मारते. म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. कोळ्यांनी हिशेबाला सोपी म्हणून ४५ धरली. तिथीमागे तीन मिनिटांची ही चूक पंधरवड्यात साचत जाते आणि पौर्णिमेला पाऊण तासाची होते. सूत्र सव्वाअकरा सांगतं, पाणी मात्र बाराच्या सुमारास चढतं. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, उत्तर पाऊण वाजता, आणि गणित पुन्हा जागेवर! पंचांग पाहून होडी काढणाऱ्याला याहून जास्त अचूकता लागतही नाही.

बोटीला ही वेळ जपावी लागते ती पक्ष्यांमुळे. ओहोटीला चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे चरतात, पण तेव्हा बोट गाळात रुतते. पूर्ण भरतीला बोट कुठेही जाते, पण पट्टे बुडाल्यामुळे पक्षी विसाव्याच्या पाणथळींवर गेलेले असतात. दोघांना सोयीचं पाणी मधला थोडाच वेळ टिकतं.

इथे येणाऱ्या थव्यांत धाकटा रोहित संख्येने बराच जास्त, मोठा रोहित त्यामानाने कमी. दोघेही मान खाली घालून चोच उलटी धरतात, जिभेचा दट्ट्यासारखा वापर करून पाणी आत ओढतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांतून गाळून बाहेर सोडतात. धाकट्याची जीभ सेकंदाला वीसेक वेळा मागेपुढे होते आणि त्याचे दाते इतके दाट असतात, की डोळ्यांना न दिसणारी शैवालंही अडकतात. मोठा जरा जाड गाळतो, म्हणजे कीटकांच्या अळ्या, बारीक कोळंबीवर्गीय जीव. एकाच चिखलात दोघांचं जमतं ते यामुळे. गुलाबी रंग या शैवालांतल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, हे आता शाळकरी मुलंही सांगतात.

ठाणे खाडीत इतकं शैवाल आलं कुठून, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शैवालासाठी खतच. १९९० च्या दशकापासून शिवडीपासून वरपर्यंत फ्लेमिंगोंचे थवे वाढत गेले आणि बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) मोजणीत आकडा लाखाच्या वर गेला, त्यामागे या फुकटच्या खताचा हात असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही ते पटतं. पर्यटनाच्या पत्रकावर हे कुणी छापणार नाही, हा भाग वेगळा.

याच पाण्याने कोळ्यांची जाळी रिकामी केली. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. त्यात साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात उभ्या राहिलेल्या कारखान्यांची रसायनं आणि वर्षागणिक साचणारा गाळ. चेंदणी, विटावा, दिवा, सारसोळे, दिवाळे इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, जिताड्याचं नाव ते गेलेल्या नातेवाइकासारखं काढतात. बोय, कोळंबी, चिंबोरी अजून मिळते, पण त्यावर घर चालत नाही. एकाच चिखलाने पक्षी पोसले आणि माणसं उठवली. शिवाय जमीन गेली तर भरपाई मागता येते, खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर असतो? वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांसाठी भरपाईचं धोरण आखायला सरकारला सांगितलं. खाडीवरचा हक्क एवढा उशिरा कागदावर येऊ लागला.

म्हणून ठाणे खाडीतल्या निसर्ग पर्यटनाकडे मी छान सहल म्हणून पाहत नाही. जे घेतलं त्यातलं थोडं परत करण्याची ती एक वाट आहे, आणि अजून अरुंद आहे. राज्याच्या वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, आणि २०२२ मध्ये अभयारण्यासह ६,५०० हेक्टरांहून मोठं क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीचं जैवविविधता केंद्र आणि तिथली बोटफेरी याच प्रवासातली. नकाशावर खाडी सुरक्षित झाली. नकाशाबाहेरच्या कोळीवाड्याला काय मिळालं, हे पाहायचं तर बोटीचं सुकाणू कुणाच्या हातात आहे ते पाहावं.

ते कोळ्याच्या हातात असावं, यात भावनेपेक्षा पक्षिशास्त्राचाच भाग जास्त आहे. रोहित पक्ष्याला चरायला मिळणारा वेळ पाण्याने बांधलेला असतो. थवा उडाला की दुहेरी तोटा होतो. त्या अवजड पक्ष्याला पाण्यावर धावत जाऊनच हवेत उठता येतं, त्यात ताकद खर्च होते, आणि परत उतरेपर्यंत पट्टा बुडायला लागलेला असतो. रोजच्या फेऱ्यांत हे घडत राहिलं तर मे-जूनमध्ये परतीच्या उड्डाणासाठी साठवायची चरबी कमी पडणार. बीएनएचएसने २०२२ मध्ये काही पक्ष्यांवर उपग्रह-टॅग बसवले होते, त्यांतले काही गुजरातकडे गेल्याचं दिसलं. त्यांच्या विणीच्या जागा कच्छच्या रणात आहेत. उपाशी निघून तिथवर जाता येत नाही.

थवा उडण्याआधी इशारा देतो. आधी कडेचे पक्षी चरणं थांबवून माना ताठ करतात, मग सगळा थवा एका दिशेने चालू लागतो. चालायला लागला की इंजिन बंद करायचं, पुढे रेटायचं नाही. हे प्रशिक्षणात शिकवता येतं, नाही असं नाही. पण आज गाळ कुठे सरकला आहे, वारा फिरला तर होडी कुठे वाहत जाईल, कुठल्या वळणाला बंद इंजिनावर पक्ष्यांसमोर थांबता येईल, हे लहानपणापासून पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणाऱ्यालाच ठाऊक. तोच माणूस होडीवर असला तर पक्षी कमी बिचकतात आणि मजुरीही गावात राहते.

कोकणात याची उदाहरणं आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, तिथेच जेवतात. जी अंडी पूर्वी चोरीला जायची, तीच राखण्यात आता गावाचा फायदा आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात.

ठाणे-नवी मुंबईत ही नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. वेळासला पोचायलाच दिवस जातो म्हणून माणूस मुक्काम करतो. ऐरोलीला आलेला माणूस तासभर फिरून लोकलने घरी जेवायला जातो. मागे उरते ती तिकिटाची रक्कम. शहराजवळच्या निसर्ग पर्यटनाचा हा मूळ अडथळा आहे: गर्दी भरपूर, माणशी खर्च नगण्य. फेऱ्या वाढवून तो सुटत नाही, पक्षी तेवढे बिथरतात. त्यापेक्षा फेरी कमी माणसांची, महाग, जाणत्या वाटाड्यासह असावी, आणि धक्क्यावर कोळणींच्या हातचं जेवण मिळावं. महाग म्हटलं की लोक नाराज होतात. शाळांच्या सहलींना सवलत द्या आणि बाकीच्यांकडून घ्या, असं माझं मत.

पर्यटनाचा दुसरा उपयोग पैशाचा नाही, साक्षीदारांचा आहे. भरतीच्या वेळी पक्षी जिथे विसावतात त्या नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली, तळं आटलं, त्या भागात मेलेले फ्लेमिंगो सापडले. रोज कॅमेरे घेऊन येणाऱ्या माणसांनी तेव्हा आरडाओरडा केला. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. ज्या डबक्याकडे कुणी फिरकत नाही, ते इतक्या सहज वाचत नाही.

दोन गैरसमज मात्र पर्यटनामुळेच पसरतात. एक, कांदळवन वाढलं म्हणजे सगळं भलं झालं. तिवराचं झाड साचत्या गाळावर फोफावतं आणि उघडा चिखलपट्टा हळूहळू झाकतो, आणि रोहिताला हवा असतो तो पट्टाच. त्यामुळे दिसेल त्या चिखलात रोपं लावण्याचे उत्साही कार्यक्रम इथे तपासूनच व्हायला हवेत. दुसरा, सांडपाण्याने पक्षी आले म्हणजे ते येऊ दिलं तरी चालेल. केनियाच्या सरोवरांमध्ये धाकटे रोहित हजारोंनी मेले तेव्हा नीलहरित शैवालांतली विषं आणि जड धातू यांच्याकडे संशोधकांनी बोट दाखवलं होतं.

आणि पावसाळा? जूनमध्ये थवे जातात, बोटी थांबतात. पर्यटनावर विसंबलेल्या घराला तोवर काय? राज्याने २०१७ मध्ये कांदळवनालगतच्या गावांसाठी उपजीविका योजना आणली, तिच्यात निसर्ग पर्यटनाबरोबर खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातले मासे, शोभेचे मासे असे उद्योग आहेत ते म्हणूनच. चिंबोरीची पिल्लं तमिळनाडूतल्या उबवणी केंद्रातून आणून खाजणात जाळीच्या कुंपणात सोडतात, आणि विकण्याजोगी व्हायला काही महिने लागतात. कुंपणातलं पाणी भरती-ओहोटीनेच बदलतं. ते पाणी नासलं तर आधी चिंबोऱ्या मरतात. त्यामुळे खाडीत काही सोडलं गेलं, की पहिला फोन खेकडे पाळणाऱ्याचाच येणार.