सिनेमात प्राणी दाखवायचाय? परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची असते. हे माहीत असूनही दर वेळी कुणी ना कुणी एडिट झालेला सिनेमा घेऊन सेन्सॉरकडे जातो आणि तिथे प्राण्यांची एनओसी, म्हणजे शूटिंगनंतर घ्यायचं ना-हरकत प्रमाणपत्र, मागितली की मग धावाधाव सुरू होते. शूटिंग उरकल्यावर ‘आधीची परवानगी’ आणणार कुठून?

कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याखालचे नोंदणीचे नियम २००१ चे. अर्ज भारतीय पशू कल्याण मंडळाकडे करायचा. जुन्या नमुन्यांवर अजून चेन्नईचा पत्ता सापडतो, पण २०१८ मध्ये कार्यालय हरियाणात बल्लभगडला गेलं. पत्ता बघून घ्या.

पहिली अडचण मालकाची. प्राणी ज्याच्याकडून भाड्याने घेणार, त्याची मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणी करताना कोणता प्राणी आणि तो काय काम करणार हे द्यावं लागतं, त्यामुळे मालकाचं प्रमाणपत्र नुसतं असून भागत नाही, उघडून वाचा. शेजाऱ्याचा गोड कुत्रा या टप्प्यावरच बाद होतो.

दुसरी अडचण सीनच्या वर्णनाची. प्राण्याचं वय, तब्येत, प्रशिक्षण कसं आणि किती दिवस, सीनमध्ये तो किती वेळ, आणि त्याच्याशिवाय सीन का होत नाही, हे सगळं विचारलं जातं. तिथे लोक ‘घोडा धावतो’ एवढंच लिहितात. असं लिहा: ‘नाल ठोकलेला घोडा मातीच्या वाटेवरून दुडक्या चालीने जातो, स्वार प्रशिक्षित, हातात चाबूक नाही, जवळपास आग किंवा स्फोट नाही.’ नियमांत घसरड्या फरशीपासून मोठ्या आवाजापर्यंत सगळ्याचा उल्लेख आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला जी शंका येईल, तिचं उत्तर अर्जातच असू द्या. मेलेला कुत्रा दाखवायचा असेल तर गुंगीचं औषध चालत नाही. डमी वापरणार की शिकवलेला कुत्रा निपचित पडणार, ते स्पष्ट लिहा.

फिटनेस सर्टिफिकेट पशुवैद्याचं, आणि त्याच प्राण्याचं. ऐन वेळी पांढऱ्याऐवजी तांबडा घोडा आला की कागद आणि पडदा जुळत नाहीत.

आता पोपट. अंगणात पिंजरा आणि त्यात हिरवा पोपट हा दिग्दर्शकांचा लाडका सीन. पण तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. अशा प्राण्यासाठी मालकी प्रमाणपत्र लागतं आणि पोपटवाल्याकडे ते नसतं. नाग आणणाऱ्या गारुड्याचंही तेच. वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांच्या कामावर तर मुळातच बंदी आहे. २०११ मध्ये त्या यादीत बैलही आला, म्हणून पटकथेत शर्यतीचा सीन असेल तर लोकेशन ठरवण्याआधी मंडळाकडून लेखी खुलासा घ्या.

‘आमचा प्राणी कॉम्प्युटरवर केलाय’ म्हणणाऱ्यांची फार कीव येते, कारण ते खरं बोलत असतात आणि तरी अडकतात. व्हीएफएक्स स्टुडिओचं पत्र आणि कामाच्या मधल्या टप्प्यांची फुटेज जपून ठेवा. प्राणी नसलेल्या मोकळ्या फ्रेमचा मूळ शॉट दाखवता आला की वाद मिटतो. सिनेमाच्या सुरुवातीला ‘कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ अशी पाटी टाकली म्हणून एनओसी माफ होत नाही.

बाकी फॉर्म भरणं, फी, सह्या यात अवघड काही नाही.

शूटिंगच्या वेळी पशुवैद्य सेटवर ठेवा आणि त्याच संध्याकाळी, पॅकअपच्या आधी, त्याच्याकडून तारीख, ठिकाण, प्राणी आणि सीन लिहिलेलं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घ्या. शूटिंगनंतरच्या एनओसीच्या अर्जाला ते जोडायचं असतं. नंतर मागायला गेलात तर डॉक्टर दुसऱ्या गावी असतो आणि त्याला सीन आठवत नाही.